गावाचं मत माझ्या खिशात

१४ मार्च, सकाळी

बियाण्याच्या कंपनीने फुकट दिलेली डायरी आजपासून वापरात काढली. कारण एकच. आयोवातल्या आमच्या नॉर्डालमध्ये कोण कधी काय म्हणालं हे नंतर कुणी कबूल करत नाही. मी लिहून ठेवणार. दाखवणार कुणालाच नाही, पण आपल्याकडे असलेलं बरं.

काल टीव्हीवर सांगितलं, सिनेटर वेस हॅलोरन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायचा विचार करतोय. विचार करायला काय जातं? मी गेली सहा वर्षं तळघर आवरायचा विचार करतेय. त्याला सिनेटर होऊन अजून धड दोन वर्षं नाहीत. त्याआधी तिकडे नेब्रास्कात शाळेच्या पोरांना कुस्ती शिकवायचा. उतावळा नवरा, दुसरं काय.

ऑर्लिनला विचारलं, असल्याला कोण मत देणार? ऑर्लिन माझा नवरा. बोलत नाही, मान हलवतो. त्याने मान हलवली. म्हणजे माझंच बरोबर.

पुढच्या जानेवारीत कॉकस, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची गावसभा. शाळेच्या जिममध्ये सगळ्यांदेखत आपापल्या माणसाच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि डोकी मोजायची. चिठ्ठ्याबिठ्ठ्यांची लपवाछपवी आमच्यात नाही. मी ज्या कोपऱ्यात उभी राहते तोच कोपरा जिंकतो. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून एकदाही चुकलेलं नाही. म्हणूनच मार्चमध्ये काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभेला गावातर्फे मीच जाते. पहिल्या रांगेत खुर्ची, खुर्चीवर माझं नाव. त्या खुर्चीवर माझी नणंद लावॉन कधीची डोळा ठेवून आहे. ठेवू दे. डोळ्यात मोतीबिंदू आहे.

संकल्प: हॅलोरनचं नाव या डायरीत पुन्हा येणार नाही.

१५ मार्च

मार्वच्या कॅफेत सगळे हॅलोरनबद्दलच बोलत होते. नाव लिहावंच लागतंय. माझा इलाज नाही.

खताच्या दुकानातला ड्वेन म्हणाला, तरुण आहे खरा, पण तो दोष आपोआप जातो, आपला नाही का गेला. चर्चचे पास्टर म्हणाले, अनुभव नाही हे कबूल, पण अनुभववाल्यांनी तरी काय दिवे लावले. मार्व म्हणाला, कुस्तीचा कोच आहे, शिट्टी वाजवली की निदान दोघं वेगळे तरी होतात, वॉशिंग्टनला तेच हवंय. लावॉन म्हणाली, उभं राहावं की नाही ते त्याच्या बायकोला विचारा, मोजे तिलाच धुवावे लागणार.

मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की माणूस एकच, गव्हर्नर स्टॅनबरी. दोनदा गव्हर्नर झालेला. केस पांढरे. बारा वर्षांपूर्वी जत्रेत माझी रुबार्बच्या आंबट देठांची पाई खाऊन, माझा हात हातात धरून म्हणाला होता, आयोवात असली पाई मी आजवर खाल्ली नाही. ज्याला चव कळते त्याला देश कळतो.

सगळे गप्प झाले. पटलं.

ईस्टर

लावॉनकडे जेवण. हॅम बरा. हिरव्या जेलीत किसलेलं गाजर. दर वर्षी असतं. मी दर वर्षीप्रमाणे म्हटलं, वेगळीच आहे म्हणायची. आमच्याकडे तोंडावर कुणाला दुखवत नाहीत. ती खूश झाली, अजून एक चमचा वाढला. रुमालात घेतला.

३ एप्रिल

मार्वने गल्ल्याशेजारी लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या मांडल्यात. एकीवर चिकटवलंय, ‘हॅलोरनने उभं राहावं’. दुसरीवर, ‘राहू नये’. बाजूला वाडग्यात मक्याचे पिवळे दाणे. कॉफी घेतली की एक दाणा कुठल्यातरी बरणीत टाकायचा. म्हणे लोकमत.

लोकमत हवं होतं तर मला विचारायचं.

संकल्प: असल्या पोरकटपणात पडायचं नाही. एकच दाणा टाकला. ‘राहू नये’मध्ये. म्हटलं, सुरुवात करून द्यावी.

११ एप्रिल

‘राहावं’वाली बरणी अर्धी झाली. ‘राहू नये’चं बूड जेमतेम झाकलंय. कारणं उघड आहेत. पहिलं, ती बरणी हाताशी आहे. दुसरं, हायवेवरचे ट्रकवाले टाकून जातात, त्यांचा आणि नॉर्डालचा काय संबंध. तिसरं, माझ्यासारखी समजूतदार माणसं कॉफी घरी पितात. त्यांचे दाणे यात आलेच नाहीत. ही काय मोजणी झाली?

२८ एप्रिल, पहाटे

ज्यांचे दाणे राहिलेत त्यांचे दाणे कुणीतरी पोचवायला हवेत. मी फक्त पोचवते आहे. शेडमधल्या पोत्यातून कोटाचा खिसा भरला. शेडचा दिवा गेलाय, ऑर्लिनला किती वेळा सांगितलं. चाचपडतच भरला. मार्व अंडी फोडायला आत गेला तेवढ्यात काम झालं. कॉफी पिऊन आले. मन हलकं झालं.

२८ एप्रिल, दुपारी

कॅफेत गोंधळ. ‘राहू नये’च्या बरणीत वरचे चार बोटं दाणे गुलाबी निघाले.

पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, म्हणून ते गुलाबी असतं. गावातलं शेंबडं पोरही ओळखतं. मार्वने रबरी हातमोजे घातले आणि खालच्या चांगल्या दाण्यांसकट सगळी बरणी कचऱ्यात ओतली. मग ब्लीचने दोनदा धुतली. म्हणाला, इथे माणसं जेवतात. ‘राहू नये’ आता शून्यापासून. ‘राहावं’ला मात्र हात लावला नाही.

ड्वेन कपातल्या कॉफीकडे बघत म्हणाला, यंदा गुलाबी बियाणं मी गावात दोघांनाच विकलंय, त्यातला एक तर थंडी टाळायला फ्लोरिडाला गेलाय तो अजून परतलेला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मी म्हटलं, लोक कुठल्या थराला जातात बघा.

तो फ्लोरिडावाला पहिल्यापासूनच लबाड.

१९ मे

पेरण्या उरकल्या. गुडघा दुखतोय. हॅलोरन अजून ‘विचार’च करतोय. अंड्यावर बसलेली कोंबडीसुद्धा एकवीस दिवसांत उठते.

९ जून

आला! इथे, नॉर्डालमध्ये, मार्वच्या कॅफेत. घेऊन आली कोण, तर आमची ब्रिटा. धाकट्या मुलाची मुलगी. मेन स्ट्रीटवर केस कापायचं दुकान आहे तिचं. इतके दिवस लोकांची डोकी भादरत होती, आता फिरवायलाही लागली.

पोरगा उंच आहे. कान चुरगळलेले, कुस्तीवाल्यांचे असतात तसे. सरळ माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, मॅडम, ब्रिटा सांगते या गावात तुम्हाला विचारल्याशिवाय काही होत नाही. तर मी उभं राहू का?

ब्रिटा एवढं खरं बोलेल असं वाटलं नव्हतं.

मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, बाळा, तू कच्चा आहेस. रुबार्ब लावला की पहिल्या वर्षी त्याला हात लावायचा नसतो. मूळ धरू द्यायचं. आधीच तोडलास तर कायमचा जातो. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, आणि दुसऱ्या वर्षी? मी म्हटलं, दुसऱ्या वर्षी थोडा काढला तरी चालतो. तो हसला, हात मिळवला, पैसे देऊन गेला. मी पुढे सरकवलेला माझ्या पाईचा तुकडा सगळा संपवला. कडासुद्धा. पण तारीफ केली नाही. वळण नाही.

संध्याकाळी

संपला विषय. माझ्यासमोर त्याला पुढे बोलता आलं नाही. देशावरचं संकट टळलं. कुणामुळे टळलं हे देशाला कळायची गरज नाही.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. हॅलोरन मेन स्ट्रीटवरून चालत गेला, टोकापासून टोकापर्यंत, पोरांना गोळ्या वाटत. ज्याने विचार सोडून दिलाय तो एवढा का चालतो? व्यायाम म्हणून असेल.

गव्हर्नर स्टॅनबरीला यायला जमलं नाही. त्याने स्वतःएवढा पुठ्ठ्याचा पुतळा पाठवला, पिकअपच्या मागे उभा केलेला. काय ताठ उभा होता. मी टाळ्या वाजवल्या. मग बँकेच्या कोपऱ्यावर वारा आला आणि तो उडून लावॉनच्या अंगणात सिमेंटच्या बारशिंग्यांच्या जोडीत जाऊन पडला. लावॉनने उचलला, धूळ झटकली आणि म्हणाली, हा बरा आहे, कुणाला आश्वासन तरी देत नाही.

पास्टर म्हणाले, पोरगा हॅलोरन घामाघूम झाला होता, पण थांबला नाही. मी म्हटलं, घोडाही थांबत नाही, त्याला राष्ट्राध्यक्ष करता का? पास्टर जरा विचारात पडले.

१४ ऑगस्ट

राज्याच्या जत्रेला गेलो. ऊन असं की लोण्यातून घडवलेली गाय काचेआड ठेवलीय त्या थंडगार खोलीत लोक उगाच दोन-दोनदा जात होते. स्टॅनबरी येणार म्हणून मी पाई घेऊन रांगेत. लावॉनही बरोबर, तिच्या लिंबाच्या वड्या घेऊन. तिला कुणी बोलावलं होतं?

स्टॅनबरीने माझा हात हातात घेतला. म्हणाला, अॅलिस! तुला कोण विसरेल! माझं नाव आर्लिस. पण बारा वर्षांनंतर निम्म्याहून जास्त नाव लक्षात ठेवलं, ही काय साधी गोष्ट आहे?

त्याचा माणूस पाई कुठेतरी मागे घेऊन गेला. मग स्टॅनबरीने लावॉनची वडी तोंडात टाकली, तिचा हात हातात धरला आणि म्हणाला, आयोवात असली वडी मी आजवर खाल्ली नाही.

येताना गाडीत लावॉन बोलत नव्हती. हसत होती. मी तिला समजावलं, पाई वेगळी, वडी वेगळी. माणूस दोन्ही वेळा खरंच बोलला.

१० सप्टेंबर

हॅलोरन उभा राहिला.

माझ्या तोंडावर हसून, हात मिळवून गेला आणि उभा राहिला. वर भाषणात काय म्हणाला? म्हणे, आयोवातल्या एका आजीने मला सांगितलं, रुबार्ब पहिल्या वर्षी तोडायचा नाही, मूळ धरू द्यायचं. आजी, दुसरं वर्ष आलंय! लोक उठून टाळ्या वाजवत होते. टीव्हीवर रात्रंदिवस तेच. मार्वने कॅफेच्या फळ्यावर लिहिलंय, ‘दुसऱ्या वर्षाची पाई’. खपतेय.

आजी कुठली ते सांगितलं नाही हे नशीब. ब्रिटाला फोन करून झापलं. ती म्हणाली, आजी, अगं सगळ्या देशात पोचलीस तू. मी म्हटलं, चुकीच्या बाजूला पोचले ना! ती म्हणाली, ते तू अजून बदलू शकतेस. फोन ठेवला.

ऑर्लिनने जेवताना दोनदा मान हलवली. कशाला ते विचारलं नाही.

२५ सप्टेंबर

स्टॅनबरीच्या कचेरीतून फोन. नॉर्डालमधली त्यांची प्रचाराची कॅप्टन मी. मला वाटलंच होतं. फोनवरची मुलगी म्हणाली, तुमच्या गावातून दुसऱ्या कुणी फोनच उचलला नाही. म्हणजे सगळ्यांनी मान मला दिला.

हॅलोरनच्या बाजूने कॅप्टन ब्रिटा. पोरगी कानामागून आली आणि तिखट झाली.

१७ नोव्हेंबर

आठवडाभर फोन करतेय. निकाल एकतर्फी.

ड्वेनला विचारलं, स्टॅनबरी कसा वाटतो? म्हणाला, वेगळाच आहे म्हणायचा. पक्का.
पास्टर म्हणाले, तू म्हणतेस म्हणजे त्यात काहीतरी असणारच. पक्के.
मार्व म्हणाला, बघू, त्या दिवशी थंडी कशी असते. थंडी तर असतेच. पक्का.
पोस्टातली बाई म्हणाली, असा माणूस पुन्हा होणे नाही. पक्की.
ड्वेनची बायको म्हणाली, अय्या, तुझा गुडघा कसा आहे? पक्की.

एकानेही नाही म्हटलं नाही. चाळीसच्या वर गेले. कोपऱ्यात मावणार नाहीत, बास्केटबॉलच्या खांबापर्यंत रांग जाईल.

लावॉनला सगळ्यात शेवटी फोन केला. ती म्हणाली, मला तुझा स्टॅनबरी अजिबात आवडत नाही, पण तू मागतेस तर येईन, उभी राहीन तुझ्या कोपऱ्यात. असं सरळसरळ कुणी बोलतं का? काहीतरी डाव आहे. तिला धरलं नाही.

२४ डिसेंबर

घरी सगळे. लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटल्या, यंदा फाटल्या नाहीत. ब्रिटा कोटावर हॅलोरनचा बिल्ला लावून आली. मी म्हटलं, येशूच्या वाढदिवसाला तरी काढ. तिने काढून ख्रिसमसच्या झाडाला लावला.

जेवताना ब्रिटाने विचारलं, आजी, तुझा कोपरा दर वेळी जिंकतो कसा ग? मी म्हटलं, लोक माझ्याकडे बघून ठरवतात. तर ऑर्लिनने काटा खाली ठेवला. म्हणाला, तुझी आजी आधी मध्ये उभी राहते. कुठला कोपरा मोठा होतोय ते बघते. मग तिकडे चालायला लागते.

हा माणूस वर्षातून एकदा तोंड उघडतो ते यासाठी. पोरंबाळं हसली. मी नाही हसले.

संकल्प: या खेपेला पहिल्या मिनिटापासून स्टॅनबरीच्या कोपऱ्यात. हलायचं नाही. जमीन हलली तरी नाही. कोण कुणाकडे बघून ठरवतं ते दिसेलच. आणि मार्चमध्ये खुर्चीवर बसून ऑर्लिनलाच ड्रायव्हर म्हणून नेणार.

७ जानेवारी, दुपारी

आज कॉकस. बाहेर उणे वीस. हवा आपल्या बाजूची. हॅलोरनवाली तरुण मंडळी घरात बसतील, म्हाताऱ्यांना थंडीचं काय?

जूनमध्ये फ्रीजरमध्ये टाकलेला रुबार्ब काढून तीन पाई केल्या. प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी खायला ठेवतातच, कुंपणावरचे लोक वासाने येतात. ब्रिटाकडे दुकानातली बिस्किटं असणार. बिचारी.

नवा नियमही आपल्याच बाजूचा. गेल्या खेपेला मोजणी झाल्यावर लावॉन टुणकन कोपरा बदलून गेली होती. तेव्हा काउंटीच्या सभेत मीच उठून ओरडले होते, की ज्याचा कोपरा पहिल्या मोजणीत टिकला त्याला तिथून हलू देऊ नका. सगळ्यांनी हात वर केले. यंदापासून तसंच आहे. टिकायला नॉर्डालमध्ये बारा डोकी लागतात, एक जरी कमी पडलं तरी कोपरा मोडतो. मी चाळीस धरलीत. भाषण तयार आहे. निळा स्वेटर.

८ जानेवारी, सकाळी

लिहिते. लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते.

सात वाजता मी कोपऱ्यात उभी. स्टॅनबरीचा पुठ्ठा उभा. पाई मांडलेल्या. पहिली आली लावॉन. म्हणाली, आले बघ, सांगितलं होतं ना. मग नर्सिंग होमच्या व्हॅनमधून आठ जण उतरले, त्यातल्या तिघांना वाटलं बिंगो आहे. मग पोस्टातल्या बाईचा काका. मग फ्लोरिडावाला, जो म्हणे ख्रिसमसला परत आलाय आणि ज्याला गुलाबी दाण्यांचं काहीच माहीत नव्हतं. बास. मी धरून बारा.

पक्के कुठे होते? समोर. ड्वेन समोर, त्याची बायको समोर, पास्टर समोर, मार्व अॅप्रनसकट समोर. सगळ्यांनी मला हात केला. ड्वेनने तर माझा गुडघा कसा आहे ते लांबूनच विचारलं.

मी म्हटलं हरकत नाही. बारा म्हणजे बारा. कोपरा टिकतो, एक माणूस काउंटीच्या सभेला जातो, ती एक मी. लावॉनने माझा दंड धरला. म्हणाली, आता इथून हलू नकोस आर्लिस, लघवीला लागली तरी हलू नकोस.

आणि तेवढ्यात मला ऑर्लिन दिसला. हॅलोरनच्या रांगेत. ब्रिटाच्या शेजारी. हातात बशी, बशीत पाई. माझी पाई! माझ्या टेबलावरून घेऊन, तिकडे उभा राहून खात होता.

एवढ्या वर्षांचा संसार. मी तरातरा गेले. बोलायला काही कमी ठेवलं नाही. म्हटलं, लाज वाटते का, घरचं खातोस आणि दुसऱ्याच्या दारात उभा राहतोस? तू एक शब्द बोलला नाहीस वर्षभर. तो म्हणाला, तू विचारलं नाहीस, तू सांगत होतीस. मी म्हटलं, मान हलवत होतास ना? तो म्हणाला, हो, आडवी.

इकडे मोजणी सुरू झालेली. आमच्यात मोजणी अशी, की रांगेत एकेकाने मोठ्याने आपला आकडा म्हणायचा आणि पुढच्याने पुढचा. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. मी आठवीत शाळा सोडली, पण पाढ्यांत आणि मोजणीत मी कधी अडखळले नाही, मास्तरीण माझ्यावरच सोडायची. मी ऑर्लिनला झापत होते, आकडे जवळ येत होते. ब्रिटा म्हणाली एक्केचाळीस. ऑर्लिन पाईचा घास गिळून म्हणाला बेचाळीस. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, त्रेचाळीस.

कुणी म्हणायला लावलं नाही. तोंडातून गेलं. आणि छान, खणखणीत गेलं, मागच्या भिंतीपर्यंत. मास्तरीण असती तर खूश झाली असती.

मग माझ्या कोपऱ्यातून आवाज आले. लावॉन, एक. बिंगोवाले, कसेबसे. शेवटी फ्लोरिडावाला म्हणाला, अकरा. आणि थांबला. त्याच्या पुढे पुठ्ठ्याचा स्टॅनबरी होता.

मी परत जायला निघाले तर मोजणारा मुलगा आडवा आला. म्हणाला, आजी, सॉरी, ज्यांचा कोपरा टिकला त्यांना हलता येत नाही, नवा नियम आहे. हा नियम कुणी आणला हे तू मला सांगतोस का, असं मी विचारणार होते. नाही विचारलं.

अकरा जणांचा कोपरा मोडला. बिंगोवाल्यांना व्हॅनने नेलं. लावॉनने माझ्या उरलेल्या पाई झाकल्या, डबा माझ्या हातात दिला. तिला ओरडायचा पूर्ण हक्क होता. थंडीत मोतीबिंदूचे डोळे घेऊन, न आवडणाऱ्या माणसासाठी, नुसत्या शब्दाखातर आली होती. पण ती ओरडली नाही. कोटाची बटणं लावत एवढंच म्हणाली, वेगळंच केलंस म्हणायचं, आर्लिस.

ऑर्लिनने गाडी गरम करून ठेवली होती. 

९ जानेवारी

गव्हर्नर स्टॅनबरीने माघार घेतली. टीव्हीवर म्हणाला, आयोवातल्या लोकांसारखे लोक मी आजवर पाहिले नाहीत.

नॉर्डालच्या निकालाची वाट बघत असेल. बारावा आकडा कुठे गेला, असं मात्र विचारलं नाही.

१३ जानेवारी

ब्रिटा आली. हॅलोरनच्या कोपऱ्यातून काउंटीच्या सभेला माणसं पाठवायचीत. मार्चमध्ये कुणालाच सवड नाही. ड्वेनच्या गायी विणार, मार्वला कॅफे, तिला स्वतःला तीन लग्नांचे केस. म्हणाली, आजी, तू आमचीच आहेस, त्रेचाळिसावी, तूच जा. मी म्हटलं, मला वेळ नाही. ती म्हणाली, पहिल्या रांगेतली खुर्ची आहे. मी म्हटलं, वेळ काढते.

त्यांचा बिल्ला लावावा लागेल. लावीन. आतल्या बाजूला.

तसं पाहिलं तर आकडा मीच म्हटलेला. म्हणजे या खेपेलाही माझाच कोपरा जिंकला. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

१६ जानेवारी

बऱ्याच दिवसांनी मार्वकडे गेले. ठरवून गेले होते की सगळ्यांना सांगायचं, पोरगा पुढे जाणार हे मी जूनमध्येच ओळखलं होतं, म्हणून तर त्याला रुबार्बचं सांगितलं.

सांगितलं. ड्वेनने कपाकडे बघितलं. पास्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. कुणी नाही म्हटलं नाही.

लावॉन कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसली होती. तिच्यासमोर जाऊन बसले. तिने हिरव्या जेलीचा डबा माझ्याकडे सरकवला. गाजरासकट. या वेळी गिळली. पहिला घास घेतला आणि म्हणणार होते तेच, नेहमीचं. ती माझ्याकडे बघतच होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं, आणि चाळीस वर्षं ती मला अजून एक चमचा वाढत होती.

निघताना मार्वने कॉफीचे पैसे घेतले नाहीत. गल्ल्याच्या मागे भिंतीला चिकटपट्टीने काहीतरी लावलेलं होतं, ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाला, एप्रिलपासून जपून ठेवलाय, तुझा आहे, आता तू आमच्यातलीच.

मक्याचा दाणा. गुलाबी.

कॅफेत सगळ्यांचं लक्ष आपापल्या बशीत होतं.

मी दाणा उजेडाकडे धरून बघितला. म्हटलं, वेगळाच आहे म्हणायचा. आणि खिशात टाकला.